मुद्दा आधी, पार्श्वभूमी नंतर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझा रेझ्युमे आणि प्रेझेंटेशन, दोन्ही नीट पाहिलं. काम भक्कम आहे, पण ते समोरच्याला फार उशिरा कळतं. तू आधी पार्श्वभूमी सांगतोस, मग पद्धत, मग आकडे आणि मुद्दा सगळ्यात शेवटी. सविस्तर अहवालात हा क्रम चालून जातो. बैठकीत मात्र तोवर लोकांनी मोबाइल उघडलेले असतात. ऐकणाऱ्याला काय ठरवायचं आहे, ते पहिल्या मिनिटात सांगून टाक.

तुझी चौथीच स्लाइड घे. मथळा ‘ग्राहक तक्रारींचा आढावा’ आणि खाली बारा महिन्यांच्या आलेखात सात रंगांच्या सात रेघा. पाहणाऱ्याने यातून घ्यायचं काय? मथळ्यात पूर्ण वाक्यच लिही: ‘बिलिंगच्या तक्रारी सहा महिन्यांत निम्म्यावर आल्या’. बिलिंगची रेघ गडद ठेव, बाकीच्या सहा फिक्या करड्या कर. बाजूची रंगांची सूची काढून टाक आणि प्रत्येक रेघेच्या टोकाशी तिचं नाव लिही. सूची असली की नजर आलेख आणि सूची यांच्यात हेलपाटे घालते आणि तेवढा वेळ तुझ्या बोलण्याकडे कुणाचं लक्ष नसतं. अक्षर २४ पॉइंटच्या खाली नेऊ नकोस. मजकूर मावत नसेल तर शब्द काट. आणि स्लाइड वाचून दाखवणं तर अजिबात नको. तुझं वाक्य संपायच्या आत लोकांचं वाचून झालेलं असतं.

हे झालं की सगळे मथळे एका कागदावर एकाखाली एक उतरवून काढ. नुसते मथळे वाचून विषय उलगडला तर क्रम बरोबर आहे. कुठे अडखळलास तर तिथली स्लाइड तरी चुकीच्या जागी आहे किंवा नकोच आहे.

सराव उभं राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून कर. मनातल्या मनात केलेला सराव फसवा असतो, कारण त्यात श्वास, थांबणं, अडखळणं यांचा वेळ धरलेलाच नसतो. दहा मिनिटं मिळणार असतील तर आठचीच तयारी ठेव, आणि वेळ कापला गेला तर कोणत्या दोन स्लाइड गाळायच्या तेही आधीच ठरव. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना ‘बी’ दाबलं की पडदा काळा होतो. चर्चा रंगली की हे फार उपयोगी पडतं. स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं, त्यामुळे प्रश्नोत्तरांच्या वेळी मागे-पुढे शोधत बसावं लागत नाही. एक पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर असू दे. तिथल्या संगणकावर तुझा फॉन्ट नसला की मांडणी विस्कटते.

आता रेझ्युमे. दोन रकान्यांची मांडणी दिसायला छान आहे, पण अनेक कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि रकाने, टेक्स्ट बॉक्स, हेडरमधला मजकूर यांत त्याची गफलत होऊ शकते. तुझा फोन नंबर तर हेडरमध्येच आहे! सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघ. तिथे ओळी एकमेकींत घुसल्या असतील तर सरळ एका रकान्यात मांड.

‘टीमच्या अहवालांची जबाबदारी सांभाळली’ या ओळीतून तू काय केलंस ते कळत नाही. ‘मासिक अहवालाचा नमुना बदलला, चार दिवसांचं काम दीड दिवसात होऊ लागलं’ असं लिही. मी हे आकडे नमुन्यादाखल घातलेत, तू तुझे खरे घाल. ज्याचा हिशोब तोंडी सांगता येणार नाही असा आकडा लिहूच नकोस. मुलाखतीत नेमकं त्यावरच बोट ठेवलं जातं.

मुलाखतीतल्या ‘असा प्रसंग सांगा’ छापाच्या प्रश्नांसाठी चार-पाच प्रसंग तयार ठेव. परिस्थिती काय होती, तुझ्याकडे काय आलं, तू काय केलंस, काय झालं, असा क्रम धर आणि दोन मिनिटांत संपव. परिस्थितीला दोन वाक्यं पुरेत. जास्तीत जास्त वेळ ‘तू काय केलंस’ याला दे. इथे संकोच आड येतो आणि आपण ‘आम्ही केलं’ म्हणत राहतो. टीमचं श्रेय टीमला जरूर दे, पण तुझा वाटा ‘मी’ म्हणूनच सांग, नाहीतर ऐकणाऱ्याला तो कळणार कसा? व्हिडिओवर मुलाखत असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेव आणि खिडकी पाठीमागे नको, समोर हवी.

मुलाखत झाल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत चार ओळींची मेल पाठव: आभार, चर्चेतला एक नेमका मुद्दा आणि त्यांनी काही मागितलं असेल तर ते. विषयाच्या ओळीत पदाचं नाव टाक.

नवा मसुदा झाला की पीडीएफ आणि वर्ड दोन्ही पाठव, म्हणजे मला थेट फाइलमध्येच खुणा करता येतील.

तुझा,
मिलिंद