लेडी गागा, तुम्ही नाव घेतलंत म्हणून

प्रिय लेडी गागा,

सप्टेंबर २०१७ मध्ये तुम्ही फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहणारा आजार, झाल्याचं उघडपणे सांगितलंत, तेव्हा माझं अंग दुखायला लागून चार वर्षं झाली होती. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. ‘मनाला फार लावून घेतेस,’ हे वाक्य मात्र घरीदारी ऐकून पाठ झालं होतं.

तुमच्यावरचा माहितीपट बहिणीने लावला. कोचावर पडून तुम्ही कळवळत होतात, भोवती माणसं अंग चोळून देत होती. आणि तशातही तुम्हाला आठवण झाली ती असंच दुखणाऱ्या, पण मदतीला कुणी ठेवायला पैसे नसणाऱ्यांची. मला तिथे रडूच आवरेना. पुढच्याच आठवड्यात संधिवाताच्या डॉक्टरांपुढे मी तो शब्द स्वतः उच्चारला. त्यांनी तपासलं आणि समजावलं: सांधे झिजलेले नसतात, मज्जासंस्थाच वेदनेचा आवाज वाढवून ऐकते. मी शाळेत गाणं शिकवते. मला ते लगेच कळलं.

गायिका म्हणून एवढं नाव झाल्यावर तुम्ही अभिनयात उतरलात. २०१६ मध्ये गोल्डन ग्लोब, पुढे ‘अ स्टार इज बॉर्न’साठी अभिनेत्री म्हणून ऑस्करचं नामांकन आणि २०१९ मध्ये त्यातल्या गाण्याला ऑस्कर. लोक मला हे दाखवून म्हणतात, बघ, तिने आजाराला हरवलं. मला ते पटत नाही. त्या सिनेमाचं चित्रीकरण २०१७ मधलंच, दुखणं विकोपाला गेलं त्याच वर्षातलं. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये युरोपातले शेवटचे दहा कार्यक्रम तुम्हाला रद्दच करावे लागले. त्या दौऱ्याला तुमच्या आत्याचं, जोआनचं नाव होतं. ल्युपसने, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या आजाराने, एकोणिसाव्या वर्षी गेलेल्या आत्याचं. असा दौरा अर्ध्यावर सोडताना काय वाटलं असेल!

माझे आभार त्या ‘नाही जमत’साठी आहेत. चार वर्षं मी ते कुणाला म्हणू शकले नव्हते. दात आवळून पेटीचा भाता ओढत राहायची, घरी येऊन केस विंचरायलाही हात वर जात नसे.

परवा वर्गात सरळ सांगितलं, आज माझ्याने भाता ओढवणार नाही. मुलांनी फोनवर तानपुरा लावला. मी खुर्चीत बसून नुसती ऐकत होते, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी फार सुरेल गात होती.

तुमची,
एक गाण्याच्या बाई