माळ्यावरचा लॅपटॉप

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडं सगळं ठीक आहे. हे फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. बाबा, तुम्ही नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिलात आणि आई, तू फोन स्पीकरवर टाकून कुकर बघायला गेलीस. म्हणून म्हटलं, कागदावरच लिहावं. आणि हा कागद कुठून आलाय, तेच सांगायचंय.

दादा तिकडं बेंगळुरूत बाबांसाठी नवीन लॅपटॉप बघतोय ना, त्याला आधी थांबवा.

गेल्या महिन्यात आपलं कोल्हापूरचं घर उघडून झाडायला आले होते. माळ्यावरनं सतरंज्या काढताना युरियाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. बघते तर आपला 2012 चा लॅपटॉप. 2019 च्या पुरात पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 55 फुटांच्याही वर गेलं, तेव्हा घराची कागदपत्रं, आईचे दागिने आणि हा, एवढंच तुम्ही माळ्यावर टाकलं होतं. कागद आणि दागिने नंतर खाली आले. हा बिचारा वरच राहिला.

चार्जर लावला तर लागला की! फक्त सुरू व्हायला चार मिनिटं. तुम्ही बटण दाबून चहा प्यायला जायचा आणि चहा संपवून परत यायचा, ते आठवलं. राजारामपुरीत एका दुकानात दाखवला. त्यानं उघडूनही बघितला नाही. "मॅडम, हे भंगारात घाला, 45 हजारात मस्त नवीन बसतो." मला रागच आला. उद्यमनगरातल्या कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाच्या घरची मी. आपल्याकडं तर न उघडता मिक्सरसुद्धा कधी टाकला नाही.

मग रविवारी तुमच्याच टेबलावर उघडला. खालून अकरा स्क्रू. एक रबराच्या पायाखाली लपलेला, तो सापडेपर्यंत अर्धा तास गेला. आई, तुझं इडलीपात्र वापरलं, ओरडू नकोस. ज्या कोपऱ्यातला स्क्रू त्या खळग्यात, म्हणजे लांबीला थोडा आखूड, थोडा मोठा अशी गल्लत होत नाही. (घासून धुऊन ठेवलंय.) एका स्क्रूचं डोकं मात्र मीच गुळगुळीत केलं. बाबा, तुमचा पेचकस मोठा होता आणि मी जोर लावला. शेवटी मध्ये रुंद रबरबँड धरून फिरवल्यावर पकड आली.

आत पंख्याच्या तोंडाशी धुळीचा असा थर होता की चिमटीत धरून गोधडीच्या तुकड्यासारखा सबंध निघाला. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घ्यायला जी पेस्ट असते, तिचा वाळून चुना झालेला. ती पुसून मोहरीएवढा नवीन ठिपका टाकला. हा भाग तुम्हाला नव्यानं सांगायला नको. रेडिएटर तुंबला की इंजिन दम टाकतं, तसलंच हे.

पण खरा आजार वेगळा होता. यातली हार्डडिस्क म्हणजे आत खरोखरची तबकडी, मिनिटाला 5400 फेरे. (तुम्ही आरपीएम विचारणार, म्हणून आधीच सांगितलं.) तिच्यावरनं एक सुई इकडून तिकडं पळत माहिती शोधते. लॅपटॉपचा मेंदू बरा आहे, तो नुसता तिची वाट बघत बसतो. ती काढून त्या जागी 240 जीबीची एसएसडी घातली. तीही डिस्कच, पण तिच्यात फिरणारं काहीच नसतं. मेमरी 4 जीबी होती, तिच्या शेजारच्या रिकाम्या खाचेत आणखी 4 बसवली. ती जुन्या जातीची, डीडीआर3. एका रिपेअरवाल्यानं दुसऱ्या मेलेल्या लॅपटॉपमधून काढून दिली. सगळं मिळून साडेतीन हजाराच्या आत.

आता दादाशी माझा वाद कुठं झाला ते सांगते. तो म्हणतो विंडोजच टाक. जुन्या विंडोज 7 ची देखभाल 14 जानेवारी 2020 ला बंद झाली, विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 ला. म्हणजे त्यात सुरक्षेचं नवीन भोक सापडलं तर नेहमीसारखं ठिगळ येत नाही, आणि बाबा यावर बँक उघडणार. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर साधारण 2018 च्या पुढचा. आपल्याकडं दोन्ही नाही. आडवाटेनं घालता येतं म्हणे, पण पुढं अपडेट मिळतील याची हमी नाही. तुमच्या पेन्शनच्या खात्यावर मी असले प्रयोग करणार नाही.

म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घातलं. लिनक्सचं मूळ 1991 मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिहिलं. तेव्हापासून जगभरची माणसं त्यात भर घालतात आणि ते फुकट मिळतं. मिंटचीही तीन रूपं आहेत. त्यातलं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप घेतलं, जुन्या यंत्राला ते सोसतं. मिंटच्या 22 व्या मालिकेला 2029 पर्यंत दुरुस्त्या मिळत राहणार. आणि गंमत म्हणजे पेनड्राइव्हवरनं ते आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हातही न लावता. मी दोन दिवस तसंच वापरलं, मगच बसवलं.

अडचणी आल्या. वायफायच दिसेना. मग माझा फोन केबलनं जोडून त्याचं इंटरनेट दिलं आणि ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा छोटा प्रोग्रॅम, उतरवून घेतला. त्यानंतर एकही वेबसाइट उघडेना, सगळीकडं धोक्याची सूचना. तासभर डोकं फोडलं आणि मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडं लक्ष गेलं. त्यात 1 जानेवारी 2012! आतला गोल सेल संपलेला, वजनकाट्यात असतो तसला, 2032 नंबरचा. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या मते आज 2012 साल, म्हणजे ती प्रमाणपत्रं अजून जन्मायचीच होती. पन्नास रुपयांच्या सेलनं प्रश्न मिटला.

आता पंचवीस सेकंदांत सुरू होतो. बाबा, चहा आधी घेऊन बसायचा.

आई, तुझ्यासाठी मराठी टाईप करायची सोय केलीय. मोबाइलवर तू "kashi aahes" लिहितेस तसंच इथं बडवायचं, अक्षरं देवनागरीत उमटतात. मराठी-इंग्रजी बदलायला विंडोजची खूण असलेलं बटण धरून स्पेस दाबायचं. (विंडोज गेलं, बटणावरची खूण राहिली.) भिशीचा हिशेब लिब्रेऑफिसच्या हिशेबाच्या तक्त्यात घालून ठेवलाय. बेरीज आपोआप होते, त्यामुळे शेजारच्या काकूंशी भांडायला कारण उरलं नाही, सॉरी.

दोन गोष्टी जपा. खाली उजवीकडं ढालीचं चित्र आहे. त्यावर ठिपका दिसला की अपडेट आलंय. क्लिक करा, पासवर्ड द्या, संपलं. आणि "आम्ही कंपनीतून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" असा फोन आला तर कोल्हापुरी भाषेत उत्तर द्यायची बाबांना माझी पूर्ण परवानगी. बॅटरी मात्र गेलेली आहे, वीस मिनिटं टिकते. वायर लावूनच वापरायचा.

जुनी हार्डडिस्क फेकली नाही. एका डब्यात घालून यूएसबीची केबल लावलीय, माझ्या लग्नाचे फोटो त्यात सुखरूप आहेत. आणि बाबा, त्यातच "उद्यमनगर" नावाचं फोल्डर सापडलं. तुम्ही तुमच्या आठवणी लिहीत होता, आम्हाला कधी बोललाही नाही.

फाइल उघडल्या तर नुसते आकडे आणि डॉलरची चिन्हं. डीटीपीवाल्या मित्राकडून घेतलेला तुमचा तो जुना फॉन्ट. त्यात आत मराठी अक्षर नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वर मराठीचं सोंग. फॉन्ट नसला की सोंग उतरतं. जुन्या डिस्कवरनं फॉन्ट शोधून इकडं घातला तेव्हा वाचता आलं, मग युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, बदलायला बसले. तिथं वेलांटी आणि रफारानं जीव काढला. ह्रस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून जुन्या फॉन्टात आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. त्यामुळे तुमच्या प्रत्येक पानावर "टर्नर"चा "टनर्र" झालेला. 41 पानं ओळीनं वाचून दुरुस्त केली. नाइट शिफ्टला डबा घेऊन आई गेटवर यायची, हे मला माहीतच नव्हतं. आई, तू कधी सांगितलं नाहीस.

ती 41 पानं या पत्रासोबत पाठवतेय. आपल्या जुन्या प्रिंटरवरच छापलीत, तो या लॅपटॉपला जोडल्या जोडल्या लागला. चुका राहिल्या असतील, पेननं खुणा करा.

दादाला, वहिनीला नमस्कार. छोट्याला पापा.

तुमची लेक

ता. क. बाबा, शेवटच्या फाइलवर 4 ऑगस्ट 2019 ही तारीख आहे, रविवार. त्याच आठवड्यात पाणी आलं. ती वाक्याच्या मध्येच तुटलीय: "त्या दिवशी पहिलं इंजिन लोडवर घेतलं. धूर बरोबर, आवाज बरोबर, पण". मी 41 वं पान तिथंच सोडलंय, खाली जागा भरपूर आहे. पुढं काय झालं?