विजांची मोजणी वाहिन्यांच्या आराखड्यापर्यंत पोहोचावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वळवाच्या पावसाचे दिवस आले की वीज पडून शेतकरी आणि जनावरे दगावल्याच्या बातम्या आपल्या पत्रात रोज वाचायला मिळतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये नैसर्गिक कारणांनी देशात ८,०६० माणसे दगावली, त्यांपैकी २,८८७ जण वीज पडून गेले. दुसऱ्या कोणत्याही एका नैसर्गिक कारणाने त्या वर्षी इतके बळी घेतले नाहीत. या मृत्यूंविषयी बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. मी मात्र त्याच विजेशी निगडित अशा एका विषयाकडे लक्ष वेधू इच्छितो, ज्याची चर्चा वर्तमानपत्रांत क्वचितच होते. आकाशातील विजांचा अभ्यास करणारे, वीजवाहिन्यांचा अभ्यास करणारे आणि हवामानाची प्रारूपे (संगणकावरील मॉडेल) तयार करणारे संशोधक यांनी एका टेबलाशी बसून काम करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

ग्रामीण भागातील वीजवितरणात माझी सारी नोकरी गेली. मे महिन्यात ढग गडगडू लागले की ११ केव्हीचे (११,००० व्होल्टचे) फीडर, म्हणजे गावोगाव वीज नेणाऱ्या वाहिन्या, एकामागून एक ट्रिप होत, म्हणजे आपोआप बंद पडत. मग पहाटे लाइनमनसोबत लाइन पायी तपासायची, तारेला खांबापासून अलग ठेवणारा पिन इन्सुलेटर फुटला असेल तो शोधून बदलायचा आणि नोंदवहीत कारणाच्या रकान्यात ‘वारा-पाऊस’ असे लिहून मोकळे व्हायचे. मी स्वतः वर्षानुवर्षे हेच दोन शब्द लिहिले. एका गावच्या डीपीवरील ट्रान्सफॉर्मर दोन वर्षांत तीनदा जळाला, तेव्हा मात्र मी खांबाशी उभा राहून सगळे बारकाईने पाहिले. विजेचा आघात जमिनीत वळवणारे तिन्ही लायटनिंग अरेस्टर जागेवर होते, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला सारे ठीकच वाटले असते. परंतु त्यांतील दोघांची अर्थिंगची तार तुटून लोंबत होती, आणि अर्थिंगच्या खड्ड्यातील काळी माती उन्हाने भेगाळून पाइपपासून बोटभर सुटली होती. गावाने पंधरा दिवस पिण्याच्या पाण्याच्या मोटारीविना काढले, ते या बोटभर फटीमुळे, असे मला आजही वाटते.

ही फट किरकोळ का नाही, हे साध्या गुणाकाराने कळते. ढगातून जमिनीकडे येणाऱ्या विजेच्या पहिल्या तडाख्यातील प्रवाह साधारणपणे ३०,००० अँपिअरच्या आसपास असतो. तो जमिनीत शिरताना वाटेत १० ओहम रोध असेल, तर त्या जागी ३ लाख व्होल्ट दाब चढतो, आणि रोध ५० ओहम असेल तर १५ लाख. ११ केव्हीची उपकरणे मात्र सुमारे ७५,००० व्होल्टचा क्षणिक आघात सोसतील अशा बेताने बनवलेली असतात. आपल्याकडे काळी माती उन्हाळ्यात आटते, खडकाळ मुरमाड जमिनीत तर ओल मुळातच कमी, आणि अर्थिंगचा रोध वर्षात सर्वाधिक असतो नेमका त्याच दिवसांत वळवाच्या ढगांतून विजा पडतात. जुने लाइनमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतत असत. त्यांना हे गणित कोणी शिकवलेले नव्हते, तरी त्यांचे बरोबरच होते.

कोणत्या भागात किती अरेस्टर लावायचे, कोठे खांबांवरून अर्थवायर (वाहिनीच्या वर ताणलेली, जमिनीशी जोडलेली संरक्षक तार) न्यायची, हे ठरवायचे तर त्या भागात वीज किती वेळा पडते हे ठाऊक असावे लागते. अभियंत्यांच्या हाती यासाठी पूर्वापार काय होते? ‘गडगडाटाचे दिवस’ दाखवणारा नकाशा. वेधशाळेतील निरीक्षकाला दिवसभरात एकदा गडगडाट ऐकू आला तरी तो एक दिवस मोजला जातो, आणि शंभर वेळा ऐकू आला तरी एकच. विजेच्या प्रवाहाचे जे आकडे जगभर संरक्षणाच्या गणितात वापरले जातात, त्यांचा पाया कार्ल बर्गर यांनी १९४० च्या दशकापासून स्वित्झर्लंडमधील मॉन्टे सान साल्व्हातोरे या डोंगरावरील मनोऱ्यांवर केलेल्या मोजमापांचा आहे. बर्गर यांचे काम फार मोलाचे आहे आणि त्यावर अभियंत्यांच्या पिढ्या घडल्या. पण आल्प्सच्या कुशीतील डोंगरमाथ्यावर मोजलेली वीज आणि परभणीच्या सपाट शिवारात पडणारी वीज एकसारखीच असेल, हे गृहीत धरून किती काळ चालायचे?

आज हा प्रश्न सोडवण्याचे साधन पुण्यातच आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजांचे ठिकाण टिपणारे संवेदकांचे जाळे उभारले असून देशभर असे ८० हून अधिक संवेदक आहेत. विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरी वेगवेगळ्या संवेदकांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, आणि त्या फरकावरून वीज कोठे झाली ते काढले जाते. याच जाळ्यावर ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप चालते आणि आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टापूत विजांचा धोका असल्यास सूचना देते. त्या अ‍ॅपचे मोल मोठे आहे. पण त्याच नोंदी वर्षानुवर्षे साठवल्या, तर एका चौरस किलोमीटरवर वर्षाला किती विजा जमिनीपर्यंत येतात हेही त्यांतून काढता येते, आणि वाहिनीचा आराखडा करणाऱ्याला नेमका हाच आकडा हवा असतो.

तिसरा धागा हवामान प्रारूपांचा. आज उभारलेली वाहिनी तीस-चाळीस वर्षे उभी राहणार, म्हणून तापमानवाढीने विजा वाढतील की घटतील हा प्रश्न अभियंत्यालाही टाळता येत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी त्यांच्या देशापुरते असे मांडले की तापमान एका अंशाने वाढले तर विजा सुमारे १२ टक्क्यांनी वाढतील. २०१८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ढगात वर चढणाऱ्या हिमकणांच्या आधारे जगाचे गणित केले, तेव्हा तीव्र तापमानवाढीतही शतकाअखेर विजा सुमारे १५ टक्क्यांनी घटतील असे उत्तर आले. दोन्ही कामे गंभीर अभ्यासकांची आहेत. अडचण अशी की प्रारूप पृथ्वीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचे एकत्र गणित करते, आणि हा चौकोन मोठा, ढग लहान. पाषाणच्याच संस्थेचे जे पृथ्वी-प्रणाली प्रारूप आंतरराष्ट्रीय हवामान अहवालाच्या कामात भारतातून सहभागी झाले, त्याचा वातावरणातील चौकोन सुमारे २०० किलोमीटरचा आहे, तर विजेला लागणारा विद्युतभार ढगातील गारकण आणि हिमकण एकमेकांवर आदळून निर्माण होतो. त्यामुळे विजा एखाद्या सूत्राने अंदाजाव्या लागतात, आणि सूत्र बदलले की उत्तराची दिशाच बदलते. कोणते सूत्र आपल्या मोसमी प्रदेशाला लागू पडते, हे इथल्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडूनच ठरेल.

पाषाणची ही संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग आणि शिवाजीनगरचे सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ ही तिन्ही ठिकाणे एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरात आहेत. राज्य शासनाने या तिघांना आणि लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला एकत्र आणून किमान दहा वर्षांचा प्रकल्प द्यावा. तालुकानिहाय विजांची घनता दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा रोध मोजण्याचे काम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून मिळावे. मुलांना खरे काम मिळेल आणि राज्याला असा तक्ता मिळेल, जो बाजारात विकत मिळत नाही.

यासाठी उपकेंद्रांच्या नोंदवहीतही एक सुधारणा हवी. फीडर ट्रिप झाल्याची वेळ सेकंदापर्यंत आणि अचूक घड्याळावरून नोंदली गेली पाहिजे, कारण दहा मिनिटे मागे असलेल्या घड्याळाची नोंद कोणत्याही विजेशी जुळवता येत नाही. माझ्या रोजनिशीत काही मोसमांतील ट्रिपिंगच्या तारखा, खांबांचे क्रमांक आणि जळालेल्या ट्रान्सफॉर्मरची टिपणे आहेत. कोणा विद्यार्थ्याला ती उपयोगी पडणार असतील, तर मी आनंदाने देईन.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता