ताईचा जीन रिपोर्ट येईपर्यंत

प्रिय विनय,

तुझं पत्र मिळालं आणि ताईच्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रिपोर्टचे फोटोही नीट वाचले. परवा फोनवर तू एकामागून एक इतकं विचारत होतास की एकाही प्रश्नाला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. सावकाश वाच आणि भाऊजींनाही वाचायला दे.

आधी ज्या प्रश्नाने तुझी झोप उडाली आहे तो घेतो. गाठीच्या पेशींमधल्या जीनमध्ये कुठले बदल झालेत ते बघणाऱ्या जीन टेस्टचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतील असं डॉक्टर म्हणाले. तुला वाटतंय, कॅन्सर आहे हे कळल्यावर एक दिवसही दवडू नये, उद्याच केमो सुरू करावी. तुझी तगमग कळते रे. तरीही माझं मत स्पष्ट आहे: थांबा. छातीतलं पाणी काढल्यापासून ताईला धाप नाही, जेवण जातंय, चालते-फिरते. अशा पेशंटचं एवढ्या दिवसांत जे बिघडेल, त्यापेक्षा भलत्याच औषधाने सुरुवात झाली तर जास्त बिघडू शकतं.

फुप्फुसाचा कॅन्सर म्हणजे एकच आजार नव्हे. शंभर पेशंटमधले साधारण 15 जण स्मॉल सेल प्रकाराचे असतात. तो झपाट्याने पसरतो आणि जवळजवळ नेहमी धूम्रपान करणाऱ्यांनाच होतो. बाकीचे नॉन-स्मॉल सेल, आणि त्यातला सर्वांत जास्त आढळणारा ॲडेनोकार्सिनोमा. ताईला तो आहे. आयुष्यात कधी सिगरेट न ओढलेल्यांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला, तर बहुतेक वेळा तो हाच निघतो.

मी दिवसभर लॅबमध्ये हेच बघत असतो, म्हणून तुला जरा आतलं सांगतो. सुईने काढलेला बायोप्सीचा तुकडा आमच्याकडे येतो तेव्हा फॉर्मलिनच्या बाटलीत एखादा पांढुरका दोरा तरंगावा तसा दिसतो. लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, कधी त्याहून कमी. तो मेणात बसवून ब्लॉक करतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन रंगवतात. ताईच्या रिपोर्टमध्ये खाली ‘टीटीएफ-1 पॉझिटिव्ह, पी-40 निगेटिव्ह’ असं लिहिलंय बघ. ही पेशींमधली खुणेची प्रथिनं. त्याचा अर्थ, गाठ फुप्फुसातच सुरू झालेली आहे, दुसरीकडून आलेली दिसत नाही, आणि ती स्क्वेमस या नॉन-स्मॉल सेलमधल्या दुसऱ्या प्रकाराची नाही. पण प्रत्येक तपासणीला आणखी काप लागतात आणि ब्लॉक झिजत जातो. म्हणून उद्या डॉक्टरांना एवढं विचारच: जीन टेस्टला पुरेल इतकं टिश्यू ब्लॉकमध्ये शिल्लक आहे का? नसेल तर काढलेल्या पाण्यातल्या पेशी वापरता येतात किंवा रक्तावर लिक्विड बायोप्सी, म्हणजे रक्तात उतरलेल्या गाठीच्या डीएनएची तपासणी, करता येते. रक्तात काही सापडलं नाही म्हणून बदल नाहीच असं मात्र धरायचं नसतं.

आता जीनचं एवढं काय, ते. ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये विशिष्ट बदल झाला, की पेशीला ‘वाढ’ असा मिळणारा हुकूम थांबतच नाही. बटण अडकून दिवा चालूच राहावा तसा. हा बदल 2004 साली लक्षात आला. आशियाई लोकांत, स्त्रियांत आणि कधीही धूम्रपान न केलेल्यांत तो जास्त सापडतो. म्हणजे ताईमध्ये तो निघण्याची शक्यता चांगलीच आहे. निघाला तर तो हुकूम रोखणारी ऑसिमर्टिनिबसारखी रोज एक गोळी घरीच घ्यायची असते. एएलके, रॉस-1, रेट, मेट अशा इतर जीनमधल्या बदलांवरही वेगवेगळी औषधं आहेत. शिवाय गाठीच्या पेशींवरच्या पीडी-एल1 या प्रथिनाची तपासणी करतात, तिच्यावर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचाराचा, निर्णय बराच अवलंबून असतो. थांबायचं खरं कारण इथे आहे. घाईने इम्युनोथेरपी दिली आणि मागाहून ईजीएफआरचा बदल निघाला, तर पाठोपाठ ऑसिमर्टिनिब देताना फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. मधल्या काळात ताईची तब्येत ढासळू लागली, तर डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता नुसती केमो सुरू करतील आणि तेव्हा तेच बरोबर असेल. तो निर्णय त्यांच्यावर सोड.

स्टेजबद्दल तू आडून आडून विचारलंस. मी सरळच सांगतो, कारण तुझ्यापासून लपवणं मला जमणार नाही. फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या, म्हणजे ही चौथी स्टेज धरतात. ऑपरेशन करून तेवढा भाग काढून टाकणं किंवा नेमक्या जागी रेडिएशन देऊन आजार मुळापासून संपवणं हे पहिल्या टप्प्यांत शक्य असतं, आता नाही. आता आजार ताब्यात ठेवणं, ताईचं रोजचं जगणं चांगलं ठेवणं हा हेतू. पण पूर्वी चौथी स्टेज म्हटलं की महिन्यांतच मोजायचे, तसं सगळ्यांच्या बाबतीत राहिलेलं नाही. ईजीएफआरचा बदल असलेल्या पेशंटना ऑसिमर्टिनिब दिलेल्या मोठ्या चाचणीत निम्म्याहून अधिक जण तीन वर्षांनंतरही हयात होते. पुढे कधीतरी कॅन्सर या गोळीलाही दाद देईनासा होतो. तेव्हा पुन्हा तपासणी करून औषध बदलतात. मेंदूचा एमआरआय सांगितलाय तो टाळू नका, हा आजार तिथे लवकर पोचतो.

पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे पाठवलं म्हणून तू हादरलास. ‘म्हणजे आता काही उरलं नाही का?’ असं लिहिलंयस. नाही रे, तसं नाही. 2010 साली अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांना नैराश्य कमी आलं, त्यांचे दिवस बरे गेले आणि ते जास्त जगलेसुद्धा: साधारण 9 महिन्यांच्या जागी 11.6 महिने. दुखणं, धाप, खोकला, झोप, मनाची घालमेल यांवर काम करणारी ही माणसं आहेत. ताईला त्यांच्याकडे नक्की ने.

‘तिने कधी सिगरेटला हात लावला नाही, मग तिलाच का?’ याचं पक्कं उत्तर एका माणसापुरतं कुणीच देऊ शकत नाही. या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर, यात वाद नाही. पण 10 ते 20 टक्के पेशंट कधीच धूम्रपान न केलेले असतात. दुसऱ्याच्या सिगरेटचा धूर, जमिनीतून घरात येणारा रेडॉन वायू, ॲस्बेस्टॉस, डिझेलचा धूर, कोळशाचा घरात कोंडणारा धूर ही सिद्ध झालेली कारणं आहेत. बाहेरच्या हवेचं प्रदूषण कॅन्सरला कारण ठरतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2013 साली जाहीर केलं. आणि कित्येकदा पेशी विभागताना जीनमध्ये नुसती चूक होते, तिला कारणच नसतं. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घरात कोण ओढायचं याची चौकशी सुरू केली, तर तू तिथल्या तिथे विषय बंद कर. ताईलाही सांग, खोकला अंगावर काढला म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. फुप्फुसाला स्वतःला दुखण्याची जाणीवच नसते, दुखतं ते भोवतीचं आवरण. त्यामुळे गाठ बराच काळ गुपचूप वाढते. तिचा आवाज बसला होता तोही घशामुळे नसून, छातीतून वळसा घेऊन स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसेवर दाब आल्याने असावा. खोकला टीबीचा वाटून आधी त्याची औषधं दिली जातात, असे कितीतरी पेशंट मी बघतो. तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला, थुंकीतून रक्त, वजन घटणं, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, खांद्यात न थांबणारी कळ, यातलं काहीही घरात कुणाला झालं तर दाखवायचं, एवढं लक्षात ठेव.

आता तुझ्याविषयी, आणि हे मला ताईच्या रिपोर्टइतकंच महत्त्वाचं वाटतं. तू कॉलेजपासून ओढतोस, रोज एक पाकीट, आणि पन्नाशी उलटली. एव्हर्ट्स ग्रॅहम नावाचे अमेरिकन सर्जन होते. 1933 मध्ये त्यांनी कॅन्सरसाठी एका पेशंटचं अख्खं एक फुप्फुस काढलं आणि तो माणूस पुढे तीस वर्षं जगला. ग्रॅहम स्वतः भरपूर सिगरेट ओढायचे आणि सिगरेटने कॅन्सर होतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. मग 1950 साली त्यांच्याच अभ्यासात ते दिसलं. त्यांनी सिगरेट सोडली, पण 1957 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. ही गोष्ट तुला घाबरवायला सांगत नाही. लवकर सोडण्यात काय आहे, ते ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासाने दाखवलंय: पन्नाशीत सोडली तरी आयुष्याची सुमारे सहा वर्षं वाचतात. सोडून दहा वर्षं झाली की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. ‘लाइट’ सिगरेटने काही फरक पडत नाही. आणि तू घेतोस त्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या आजच बंद कर. फिनलंडमध्ये ओढणाऱ्यांना त्या देऊन पाहिल्या तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी 18 टक्क्यांनी वाढला. नुसत्या निर्धारावर सोडायला जाऊ नकोस. निकोटिनचे पॅच किंवा गम, नाहीतर तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लिनची गोळी, आणि सोबत समुपदेशन, असं केलं तर यश येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आणखी एक. तुझ्या वयाच्या आणि तुझ्याइतकं ओढलेल्या माणसाने वर्षातून एकदा छातीचा लो-डोस सीटी, म्हणजे कमी किरणं वापरून केलेला स्कॅन, करून घ्यावा. छातीच्या एक्स-रेने समाधान मानू नकोस, त्यात लहान गाठी सुटतात. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, 2011 साली, एक्स-रे काढणाऱ्यांपेक्षा सीटी करणाऱ्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले. सीटीत बारीक ठिपका दिसला तर लगेच हबकू नकोस, बहुतेक ठिपके निरुपद्रवी निघतात, काही महिन्यांनी पुन्हा बघतात इतकंच.

जीन रिपोर्ट आला की निकालाचं पहिलंच पान पाठवू नकोस, सगळी पानं पाठव. कुठले जीन तपासले आणि कुठले तपासता आले नाहीत ते शेवटच्या पानांवर असतं आणि मला तेच आधी बघायचंय. ताईला शनिवारी संध्याकाळी फोन करतो, तिला तेव्हा मोकळी ठेव.

तुझा,
अनिरुद्ध