पट्टा बांधण्याआधी पाच मिनिटे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोके दुखले की बीपी वाढले असेल, असा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात बहुतेकांचा रक्तदाब काहीही त्रास न देता वर्षानुवर्षे वाढलेला राहतो आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा यांच्या रक्तवाहिन्या हळूहळू निकामी करत जातो. तो ओळखायचा तर मोजायलाच हवा. आणि नेमके हेच काम दवाखान्यात सर्वांत घाईने उरकले जाते. जिना चढून आलेल्या रुग्णाला स्टुलावर बसवायचे, बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा, तक्रारी विचारता विचारता बटण दाबायचे आणि येईल तो आकडा केसपेपरवर लिहायचा. त्या एका आकड्यावर कुणाची आयुष्यभराची गोळी सुरू होते, तर कुणाची सुरू व्हायला हवी ती राहून जाते. म्हणून हे पत्र रुग्णांसाठी आहे, तितकेच माझ्या व्यवसायबंधूंसाठीही आहे.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून यावे. मूत्राशय भरलेले असेल तर आकडा वाढतो. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत पाच मिनिटे शांत बसावे, पावले जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. हात टेबलावर असा ठेवावा की पट्टा छातीच्या मध्याच्या, म्हणजे हृदयाच्या पातळीवर येईल. हात खाली लोंबकळत असेल तर दर 10 सेंटिमीटरला सुमारे 8 मिलिमीटर (बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) जास्त दाब दिसतो. यात डॉक्टरचा किंवा यंत्राचा दोष नसतो. उभ्या नळीत खालच्या टोकाला पाण्याचा दाब जास्त असतो, तसेच हे आहे. मोजताना रुग्णाने बोलू नये आणि आपणही त्याला बोलते करू नये. गप्पांनीसुद्धा वरचा आकडा सहज 10 ने चढतो.

पट्ट्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत मोठी चूक तिथे होते. पट्ट्याच्या आत हवेची रबरी पिशवी असते. तिची लांबी दंडाच्या घेराच्या निदान 80 टक्के आणि रुंदी साधारण 40 टक्के हवी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की ती पिशवी धमनी नीट दाबू शकत नाही, जास्त हवा भरावी लागते आणि आकडा 5 ते 20 मिलिमीटरने फुगतो. नसलेला आजार अशाने कागदावर येतो. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर उलटे होते आणि खरा आजार लपतो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी जुळवून पाहा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर बांधावा. घट्टपणा इतकाच की खाली दोन बोटे जातील. बाही वर सरकवून ती दंडाला आवळत असेल तर सदराच काढलेला बरा.

स्टेथोस्कोपने मोजणाऱ्यांनी आधी मनगटाची नाडी बोटाखाली धरून हवा भरावी, नाडी हरवली की आणखी 30 मिलिमीटर वर जावे आणि मग सेकंदाला दोन मिलिमीटर या गतीने हवा सोडावी. भराभर सोडली तर वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त वाचला जातो. शून्याने संपणारे आकडे लिहायची सवयही मोडायला हवी. 138 ला 140 लिहिणे ही किरकोळ गोष्ट नाही, कारण निदानाची रेषा तिथेच आहे. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचे मोजावे. फरक असेल तर पुढे नेहमी जास्त असलेला हात धरावा. वयस्कांचे आणि मधुमेहींचे उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावे. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर गोळी वाढवण्याआधी थांबून विचार करा. असे रुग्ण रात्री लघवीला उठताना पडतात.

एका बैठकीत एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. आकडा खूपच जास्त नसेल, तर निदान वेगवेगळ्या दिवसांच्या मोजण्यांवर करावे. काहींचे बीपी फक्त डॉक्टरसमोर वाढते, तर काहींचे तिथे ठीक आणि घरी जास्त असते. दुसऱ्या प्रकाराची मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांना कुणी औषध देत नाही. म्हणून घरी सात दिवस मोजा: सकाळी लघवी करून, गोळी आणि न्याहारीच्या आधी दोनदा, रात्री झोपण्याआधी दोनदा. पहिला दिवस सोडून बाकी सगळ्यांची सरासरी काढा. दवाखान्यात 140/90 ही रेषा आहे, घरच्या सरासरीला 135/85. यंत्र दंडाचे घ्या. मनगटाच्या यंत्रात हाताची पातळी जरा चुकली की आकडा चुकतो. नाडी अनियमित असेल तर यंत्राचे आकडे फार वरखाली होतात, ते डॉक्टरांना सांगा. आणि वहीत सगळे आकडे लिहा, आवडलेले तेवढेच नकोत.

बीपी आटोक्यात येईना, तर गोळी वाढवण्याआधी विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन चालू आहे का? या गोळ्या शरीरात मीठ-पाणी साठवतात आणि बीपीच्या काही औषधांचा जोर कमी करतात. नाक मोकळे करणारी सर्दीची गोळी? दिवसाचे मीठ 5 ग्रॅमच्या आत आहे का? पाकिटावर सोडियम लिहिलेले असते, त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. आणि सर्वांत महत्त्वाचे, गोळी रोज घेतली जाते का? आकडा नॉर्मल आला की ‘बरे झाले’ म्हणून ती बंद करणारे पुष्कळ आहेत. आकडा गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो, हे रुग्णाला सांगायला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट प्रत्येक भेटीत द्यायलाच हवे.

घरी 180/120 दिसले तर घाबरून जास्तीची गोळी घेऊ नका. पाच मिनिटे बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढेच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सोबत छातीत दुखणे, धाप, एका बाजूची ताकद जाणे, बोलणे अडखळणे किंवा एकाएकी अंधुक दिसणे असेल, तर दुसऱ्या मोजणीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

आपला,
एक फिजिशियन