मोटारसायकल पुढे, गाडी मागे

इगतपुरी,
रविवार

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा "बाबा, मी आता कॉलेजात नाही" असं म्हणून तू फोन ठेवलास. आई शेजारी गवार मोडत बसली होती. तिने काही विचारलं नाही, ताट उचलून आत गेली. फोनवर आपल्या दोघांचा आवाज लगेच चढतो, म्हणून लिहायला बसलो आहे. ओवी झोपल्यावर सावकाश वाच.

गणपतीला कणकवलीला मोटारसायकलनेच जायचं तू ठरवलं आहेस, तर जा. जाऊ नकोस, असं मी या पत्रात कुठेही म्हणणार नाही. नीलेशराव, विहीणबाई, ओवी आणि मखराचं सामान गाडीत, आणि तू तुझ्या मोटारसायकलवर. ठीक आहे. मला एवढंच विचारायचं आहे की रस्त्यावर तुझ्या मागे कोण असणार?

"आम्ही बरोबरच निघणार" हे तुझं उत्तर मला माहीत आहे. पळस्प्यापर्यंत बरोबर असाल, वडखळपर्यंतही असाल. पण इंदापूर-माणगावला गणपतीच्या आधी काय होतं ते तू पाहिलं आहेस. चारचाकी जागची हलत नाही आणि मोटारसायकल कडेकडेने निसटते. तू निसटशील. निसटू नकोस असं सांगण्यात अर्थ नाही. पावसात, तापलेल्या इंजिनावर, क्लच दाबून मनगटाला कळ येईपर्यंत कोण उभं राहील? मीही राहिलो नसतो. पण मग तू पोलादपूरला आणि ते माणगावातच, आणि मधल्या रस्त्यावर तू कुठे आहेस हे तुझ्या घरच्या एकाही माणसाला ठाऊक नाही, असं होतं.

दिवाळीत मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला गेलीस तेव्हा तुझा तो लोकेशनचा ठिपका आंबेनळी घाटात जाऊन बसला तो हलेचना. आंबेनळी म्हटल्यावर माझ्या डोक्यात काय आलं ते लिहीत नाही. नुसती रेंज गेली होती. रेंज सुटते तिथेच ठिपका थांबतो आणि माणूस पुढे गेलेला असतो, हे मला समजतं. पण माणूस पुढे गेला की खरंच तिथे थांबला, हे काही ठिपका सांगत नाही. लोकेशन जरूर चालू ठेव, आठ तासांचं ठेव. मात्र मागे डोळ्यांनी बघणारं माणूस असणं ही वेगळी गोष्ट आहे.

मी रेल्वेत गार्ड, नोकरीभर गाडीच्या शेपटाला बसलो. ड्रायव्हर पुढे, मी ब्रेकव्हॅनमध्ये, आणि मध्ये अर्ध्या किलोमीटरहून लांब मालगाडी. कसाऱ्याहून वर येताना 37 ला 1 असा चढ आहे, म्हणून मागून बँकर इंजिनं ढकलतात. पुढच्या ड्रायव्हरला मागचा दिसत नाही. वॉकीटॉकी असते, पण बोगद्यात तिचा भरवसा नाही, म्हणून शिट्ट्या ठरलेल्या असतात. दोन छोट्या म्हणजे गार्ड, तुझा सिग्नल दे. तीन छोट्या म्हणजे ब्रेक लाव. बोलणं बंद पडल्यावर काय करायचं, हे बोलणं चालू असतानाच ठरवून ठेवायचं असतं. आणि गाडी स्टेशनातून गेली म्हणजे पूर्ण गेली, असं स्टेशनमास्तर कधी धरत नाही. शेवटच्या डब्यावरची एल.व्ही.ची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची, पाटी, रात्री लाल दिवा, हे त्याने स्वतः पाहावं लागतं. ते दिसलं नाही तर गाडीचा काही भाग मागे राहिला आहे असं समजायचं आणि त्या मार्गावर दुसरी गाडी सोडायची नाही. म्हणून मी पुन्हा पुन्हा तेच विचारतो आहे. तुझा मागचा दिवा कोण बघणार?

तर माझं म्हणणं असं. मोटारसायकल पुढे, गाडी मागे. वेग तू ठरवायचा, नीलेशरावांनी नाही. तू पुढे असलीस की तू थांबल्याचं त्यांना लगेच कळतं, आणि मागच्या डंपरच्या आणि तुझ्या मध्ये आपली गाडी असते. अगदी चिकटून नको, ओल्या रस्त्यावर तर नकोच. आणि कधी तू मागे पडलीसच, तर नीलेशरावांनी आरशात तुझा दिवा शोधायचा. 2017 पासूनच्या मोटारसायकलींचा पुढचा दिवा दिवसाही चालूच असतो, तो आरशात चटकन ओळखू येतो. दिवा दिसेनासा झाला की त्यांनी वेग कमी करायचा.

तरीही चुकामूक होईल, हे धरूनच निघा. थांबायची ठिकाणं घरीच ठरवा: वडखळ, लोणेरे, पोलादपूर, खेड, सावर्डे, हातखंबा, राजापूर, तळेरे. पुढे पोचेल त्याने थांबायचं. शोधायला कोणीही मागे वळायचं नाही. एक जण मागे वळला आणि दुसरा तेवढ्यात पुढे गेला की मग दोघंही दिवसभर एकमेकांना शोधत बसतात. अर्धा तास वाट पाहायची, मग फोन. फोन लागला नाही तर मग मात्र वाट पाहायची नाही, 112 लावायचा. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. म्हणूनच तुझं आणि नीलेशरावांचं सिम एकाच कंपनीचं नसलेलं बरं. कशेडीत, मग बोगद्याने जा की जुन्या घाटाने, एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची राहील.

हेल्मेटमधल्या इंटरकॉमचं नीलेशराव सांगत होते. एक सेट तुझ्याकडे, एक गाडीत. चांगली वस्तू आहे, घ्या. पण खोक्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या सरळ रस्त्याचं असतं, दोघं एकमेकांच्या नजरेत असतानाचं. त्या लहरी डोंगराला वळसा घालून येत नाहीत. भोस्ते घाटातलं एक वळण किंवा मध्ये आलेला एक ट्रक, एवढ्याने आवाज तुटतो. गाडीचं अंग पत्र्याचं, म्हणून तिथला सेट पुढच्या काचेजवळ हवा, सीटखाली किंवा डिकीतल्या बॅगेत नको. तुझा माइक ओठांजवळ असू दे, नाहीतर त्यांना वाऱ्याशिवाय काही ऐकू जाणार नाही. आवाज फार मोठा ठेवू नकोस, मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न तुला कळला पाहिजे. मेशवाले सेट मिळतात, त्यात तुटलेला सेट टप्प्यात आला की आपणहून पुन्हा जोडला जातो. महाग आहेत, पण घेणार असाल तर अर्धे पैसे मी देतो. यावर वाद नको.

दिनूमामा वॉकीटॉकी आणून देतो म्हणाला आहे. त्याला नको म्हणून सांग. आमचे रेल्वेतले सेट परवान्याच्या फ्रीक्वेन्सीवर चालायचे. मिळेल तो सेट घेऊन बोलत सुटायचं नसतं. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढा पट्टा कमी ताकदीच्या सेटसाठी परवान्याशिवाय मोकळा केला आहे, तोही सेटला सरकारी मंजुरी असेल तर. शिवाय तो बटण दाबून बोलायचा. ओल्या रस्त्यावर हँडलवरचा हात काढून बटण कोण दाबणार?

इंटरकॉम बंद पडला तर दिव्याच्या खुणा ठेवा. हॉर्नचा उपयोग नाही, त्या दिवसांत सगळा हायवेच हॉर्न वाजवत असतो. नीलेशरावांनी दोनदा डिपर दिला की तू पुढच्या मोकळ्या जागी थांबायचं. सारखा देत राहिले तर लगेच कडेला घ्यायचं. तुझा उजवा हात ॲक्सिलरेटरवर, म्हणून तुझ्या खुणा डाव्या हाताच्या. हात वर म्हणजे थांबते आहे, टाकीवर थाप म्हणजे पेट्रोल. एवढ्या पुरेत. जास्त ठरवल्या तर वेळेला एकही आठवत नाही.

हे सगळं वाचून तू म्हणशील, बाबांनी वर्किंग रूलचं पुस्तकच पाठवलं. लांबलं खरं, रागावू नकोस. मी तुला शिकवायला बसलो नव्हतो. चेन तू स्वतः घट्ट करतेस, पंक्चर स्वतः काढतेस, असं नीलेशराव आईला सांगत होते तेव्हा मी पेपर वाचत होतो, पण ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी मी ते सावंतकाकांना सांगितलं, संध्याकाळी देवळात आणखी दोघांना सांगितलं. आई म्हणाली, आता पुरे.

तू पहिलीत होतीस तेव्हाची एक जुलैची रात्र आहे, तुला आठवणार नाही. पाडळी आणि अस्वलीच्या मध्ये माझी मालगाडी एकाएकी उभी राहिली. ब्रेकच्या गेजवर प्रेशर शून्य. सेटवर नुसती खरखर, आणि पाऊस असा की बत्तीच्या पलीकडे काही दिसेना. पुढे धावत जाऊन ड्रायव्हरचं काय झालं ते पाहावं असं फार वाटत होतं. पण गार्डने आधी मागे जायचं असतं. 600 मीटरवर रुळावर एक डेटोनेटर, म्हणजे चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारा फटाका, 1200 मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. मागून कोणी येत असेल तर त्याला आधी कळलं पाहिजे, आपल्या माणसाची चौकशी नंतर. मी चालत गेलो, लावले, परत आलो. बऱ्याच वेळाने पुढून एक बत्ती हलत येताना दिसली. कपलिंग सुटलं होतं, माणसं सगळी ठीक होती.

मी घरी आलो तेव्हा उजाडून गेलं होतं. क्वार्टरच्या दारात आई बसली होती, तू आत झोपली होतीस. गाडी अडकली आहे एवढंच तिला रात्री कोणीतरी सांगून गेलं होतं, त्यापुढे काही नाही. तिने मला ड्यूटीवर जाऊ नका असं त्या दिवशी म्हटलं नाही आणि नंतरही कधी म्हटलं नाही. संध्याकाळी डबा भरून दिला. तिने ते कसं केलं असेल, हे मला गेल्या दिवाळीत तो ठिपका बघत बसलो तेव्हा कळलं.

तर तुला थांबावं लागलं, पाय घसरला, चेन तुटली, काहीही झालं, तर आधी रस्त्याच्या बाहेर. नीलेशरावांनी गाडी तुझ्या मागे कडेला घेऊन चारी इंडिकेटर लावायचे. ओवीला आणि विहीणबाईंना वाहत्या रस्त्याच्या बाजूच्या दाराने उतरू द्यायचं नाही. मग फोन. आणि आम्हाला सगळ्यात शेवटी केलात तरी चालेल.

गाडी चालवताना माझा फोन उचलायचा नाही. मी करणारच नाही, पण हात चुकून गेलाच तरी उचलायचा नाही, हेल्मेटमधून आपोआप लागत असेल तर ती सोय बंद करून ठेव. माझ्याशी बोलताना तुझं लक्ष अर्धं इकडे असतं, मला ते आवाजावरून कळतं. ठरलेल्या थांब्यांपैकी पोलादपूर आणि हातखंबा, आणि शेवटी कणकवली, एवढ्या तीन ठिकाणी एक शब्द लिही, 'पोचले'. गाडीतून ओवीने पाठवला तरी चालेल. तिला आता टाइप करता येतं, आणि तिच्या हातचा मेसेज आला म्हणजे गाडी आणि तू एकाच ठिकाणी आहात, हेही मला समजेल.

सामानात करंज्यांचा डबा वरच ठेवा, आईने मुद्दाम सांगितलं आहे. विहीणबाईंना नमस्कार.

तुझे,
बाबा

ता.क. रेनकोट काळा घेतलास असं आई म्हणते. नीलेशरावांना पावसात मागून काळा दिसणार नाही. वरून घालायला पिवळं रिफ्लेक्टरचं जॅकेट कुरिअरने पाठवतो आहे. रंग आवडला नाही तरी घाल.