टिपरेरीच्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

तुमचं नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून नुसतं काका. तुमच्या गावात शाळकरी पोरंही तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते आजवर जमलेलं नाही. पत्र मराठीत आहे. लेक तुम्हाला इंग्रजीत सांगेलच. पण हे मी आधी आमच्या माणसांसाठी लिहितेय. आयर्लंडला आलेले आम्ही लोक भारतीय किराणा कुठे मिळतो ते एकमेकांना लगेच कळवतो, आणि गावातल्या जीएए क्लबच्या फाटकावरून वर्षानुवर्षं नुसते ये-जा करतो. मीही तशीच केली असती. तुम्ही फाटकाशी उभे राहून हाक मारलीत म्हणून आत आले, आणि क्लबाच्या भिंतीवरचं चित्र रंगवण्यापर्यंत पोचले.

आत काय असतं ते आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून दोन ओळी. जीएए म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन. १ नोव्हेंबर १८८४ रोजी आपल्याच टिपरेरी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आमच्याकडचा जिल्हा) थर्लस गावी हेज हॉटेलात मायकेल क्युसॅक, मॉरिस डॅविन आणि आणखी काही मोजकी माणसं बसली आणि ही संघटना निघाली. इंग्रजांच्या राज्यात आपले खेळ, आपली भाषा, आपली गावकी टिकवायची, एवढा तो विचार. आमच्याकडे नऊ वर्षांनी, १८९३ साली, टिळकांनी गणपती चौकात आणला. त्यामुळे तुम्ही हॉटेलची गोष्ट सांगू लागलात तेव्हा मला ती परकी वाटली नाही. इथे हर्लिंग (हर्ली नावाच्या काठीने चेंडू मारायचा खेळ), गेलिक फुटबॉल, हँडबॉल हे खेळ गावोगावच्या क्लबांत चालतात आणि खेळणाऱ्याला पगार नसतो. ऐंशी हजारांवर माणसांनी भरलेल्या डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात अंतिम सामना जिंकलेला गडी दोन दिवसांनी शाळेत शिकवायला किंवा गाई पिळायला हजर.

२०२५ च्या जुलैत हर्लिंगच्या अंतिम सामन्यात टिपरेरीने कॉर्क काउंटीला ३-२७ विरुद्ध १-१८ असं हरवलं. (पहिला आकडा गोलचा, दुसरा पॉइंटचा; गोलचे तीन गुण धरायचे, म्हणजे ३६ विरुद्ध २१. हे गणित मला तुम्हीच सामन्याच्या मध्यात, घसा बसलेला असताना समजावलंत.) मध्यंतराला कॉर्क पुढे होतं आणि उत्तरार्धात त्यांना अवघे दोन पॉइंट मिळाले. त्या आनंदात क्लबाने जुनी हँडबॉल ॲली रंगवायची ठरवली. मैदानाच्या कडेला काँक्रीटच्या त्या उंच भिंती, वर छप्पर नाही. पूर्वी तिथे तळहाताने चेंडू मारत खेळायचे. आता हँडबॉल लहान, बंदिस्त कोर्टात खेळतात आणि ॲलीत शेवाळ. गावाचा वारसा दाखवणारं भित्तिचित्र काढायचं म्हणून बैठक झाली, चित्रकार बाहेरून बोलावला, आणि आखणीनंतर रंग भरायला माणसं हवीत असं तुम्ही म्हणालात. त्यावर माझ्या लेकीने सगळ्यांसमोर जाहीर केलं की आमची आई इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा ए ग्रेडने पास आहे. साताऱ्यात शाळेत असताना दिलेली ती परीक्षा! ती कसली असते हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही मात्र मान डोलावून, जणू ऑक्सफर्डची पदवी असावी अशा थाटात माझं नाव यादीत घातलंत.

पहिल्या दिवशी चित्रकाराने पांढऱ्या प्रायमरवर नुसत्या रेघोट्या ओढल्या. आकडे, वेटोळी, माशाचं तोंड, काहीही. पैसे पाण्यात गेले अशी कुजबुज लगेच सुरू झाली. मग त्याने भिंतीचा फोटो काढून फोनवर त्या रेघोट्यांवर आपलं चित्र चढवलं, आणि कुठल्या वेटोळ्यापाशी कुणाचा खांदा येतो ते पाहत आखणी केली. चौकटी न आखता मोठी भिंत मापात बसवायची ही युक्ती मला फारच आवडली. उरलेलं काम पावसाच्या मर्जीवर. भिंत कोरडी झाली की तुमचा फोन यायचा, आणि मी भाजी अर्धवट सोडून निघायचे.

तुमच्या दोन हट्टांबद्दल इथे लिहायलाच हवं.

पहिला झाडाचा. खेळाडू काढा, कप काढा, असं सगळे म्हणत असताना तुम्ही ॲशचं झाड मागितलंत. हर्लीची काठी ॲशच्या बुंध्यातून निघते, अगदी खालून, मूळ जिथे वळतं तिथून. लाकडाची शीर त्या वळणाबरोबर जाते म्हणून टोकाचा चपटा भाग फुटत नाही. २०१२ मध्ये या झाडांवरचा बुरशीचा रोग आयर्लंडमध्ये सापडला आणि तेव्हापासून ती वाळत चालली आहेत. लाकूड बाहेरून आणावं लागतं, बांबूच्या काठ्याही आल्या आहेत. बैठकीत तुम्ही एवढंच म्हणालात, की उद्या पोरांना झाड दाखवायला भिंत तरी असू दे. डावीकडची अख्खी बाजू झाडाला मिळाली.

दुसरा हट्ट क्रिकेटच्या बॅटचा, आणि यावरून बराच वाद झाला. एकोणिसाव्या शतकात टिपरेरीच्या खेड्यापाड्यांत क्रिकेट जोरात होतं. पुढे जीएएने इंग्रजी खेळांवर बंदी घातली. सभासदाने क्रिकेट, सॉकर, रग्बी, हॉकी खेळायचं नाही, बघायलाही जायचं नाही. ही बंदी १९७१ पर्यंत चालली. म्हणजे तुमच्या तरुणपणी ती होती, आणि तुम्ही चोरून सॉकर बघायला जायचात हे आता गावाला कळलं तरी हरकत नसावी. वारसा दाखवायचा तर खरा दाखवा, असं म्हणून तुम्ही उजव्या कोपऱ्यात खाली एक बॅट काढून घेतलीत. माझा नवरा हल्ली मैदानावर आला की आधी तिच्यापाशी जातो. त्याला कसोटीचा स्कोअर विचारणारं गावात कुणीतरी आहे हे त्याच्यासाठी किती मोठं आहे, ते तो स्वतः तुम्हाला कधीच सांगणार नाही.

आता मायकेल होगनबद्दल. २१ नोव्हेंबर १९२० च्या रविवारी सकाळी आयरिश स्वातंत्र्यलढ्यातला पुढारी मायकेल कॉलिन्स याच्या माणसांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तचर अधिकाऱ्यांना ठार केलं. दुपारी क्रोक पार्कात टिपरेरी आणि डब्लिनचा फुटबॉलचा सामना होता. ब्रिटिश दलं मैदानात शिरली आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. चौदा माणसं गेली. त्यात शाळेच्या वयाची पोरं होती, काही दिवसांवर लग्न आलेली एक मुलगी होती, आणि टिपरेरीचा खेळाडू होगन होता. क्रोक पार्कातल्या एका स्टँडला आज त्याचं नाव आहे. भिंतीवरच्या होगनचा शर्ट रंगवायचं काम माझ्याकडे आलं. रंगवता रंगवता माझ्या तोंडून जालियनवाला बाग निघालं. बंद मैदान, निःशस्त्र माणसं, १३ एप्रिल १९१९. तुम्ही खाली शिडी धरून उभे होतात. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, ओड्वायर आमच्याच काउंटीचा.

मायकेल ओड्वायर. पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर, डायरच्या गोळीबाराला योग्य म्हणणारा, १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ज्याला मारलं तो. शाळेत हे नाव आम्ही पाठ केलेलं, पण तो जन्माने आयरिश, टिपरेरीतल्या शेतकरी कुटुंबातला कॅथलिक, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. तुम्हाला गप्प बसता आलं असतं. मला कळलंही नसतं. उलट त्या संध्याकाळी तुम्ही मला गाडीत घालून बॅरन्सटाउनकडे नेलंत, जिथे तो जन्मला. आपण गाडीतून उतरलो नाही. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, गाई, आणि तुम्ही म्हणालात, आम्ही भिंतीवर काढतो ती आमची माणसं, आणि काढत नाही तीही आमचीच.

येताना तुम्ही कॅनॉट रेंजर्सची गोष्ट सांगितलीत. ब्रिटिश फौजेतले आयरिश शिपाई, मुक्काम जालंधर. आयर्लंडमध्ये ब्रिटिश दलं काय करताहेत ते कळल्यावर जून १९२० मध्ये त्यांनी हुकूम मानायला नकार दिला. सोलनच्या तुकडीतही ठिणगी पडली. जेम्स डेली या तरुणाला २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. होगन गेला त्याच्या एकोणीस दिवस आधी. पन्नास वर्षांनी, १९७० मध्ये, त्याचे अवशेष मायदेशी आणले. एकाने दुसऱ्याची फिटंफाट झाली असं तुम्ही एकदाही सुचवलं नाहीत, आणि माझ्या मनातला तुमच्याविषयीचा आदर त्या गाडीतच वाढला. मी तुम्हाला टिळकांच्या होमरूल लीगबद्दल सांगितलं. नाव तुमच्याकडून घेतलेलं, बेळगावात एप्रिल १९१६ मध्ये स्थापन झालेली, आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध ईस्टरचा उठाव. तुम्ही गाडी कडेला थांबवून ‘बेळगाव’ तुमच्या वहीत लिहून घेतलंत. स्पेलिंगवरून आपला वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

लेकीबद्दल लिहायला बसले तर पत्र संपायचं नाही. हर्ली तिच्या कमरेच्या हाडाशी लावून माप घेतलंत, क्लबातलं हेल्मेट दिलंत, चेंडू लागल्यावर रडली तर रडू दिलंत आणि मग परत मैदानात पाठवलंत. ती आता कॅमोगीच्या, म्हणजे मुलींच्या हर्लिंगच्या, संघात आहे. १९०४ सालच्या, लांब झग्यांत खेळणाऱ्या पहिल्या कॅमोगी खेळाडूंच्या शेजारी आजच्या मुली काढायच्या ठरल्या, तेव्हा आमची मुलगी त्यात असावी की नको, असा प्रश्न कुणी विचारायच्या आत तुम्ही चित्रकाराला तिच्या वेणीचा फोटो दिला होतात. हेल्मेटमधून चेहरा दिसत नाही, वेणी दिसते. सगळ्या गावाला ती कुणाची ते ठाऊक आहे.

साताऱ्याहून माझ्या सासूबाई डिसेंबरात येताहेत. भिंतीचा फोटो त्यांनी पाहिला आहे, आणि त्यांनी तुमच्यासाठी कंदी पेढे आणायचं कबूल केलंय. तुम्हाला साखर चालत नाही हे मी त्यांना सांगितलेलं नाही, तुमचं तुम्ही बघा.

शनिवारी हवामान कोरडं आहे म्हणतात. वार्निशचा शेवटचा हात राहिलाय आणि शिडी तुमच्या शेडमध्ये आहे. मी दहाला येते.

आपली,
वेणीवालीची आई